‘सरसकट अर्धा पगार कापा’ म्हणणाऱ्यांना

आमच्या घरच्या ग्रुपवर मोठ्या मामांनी एक मेसेज टाकला. सरकारी पगार सरसकट अर्धे करा, टक्केवारी सगळ्यांना सारखीच म्हणजे अन्याय कुणावरच नाही, आणि अर्ध्या पगारात यायला लाखो बेरोजगार तयार आहेत. त्याच ग्रुपवर माझी मावशी आहे, अंगणवाडीत मदतनीस. तिने वाचला आणि गप्प बसली, म्हणून मी लिहितेय.

आधी जे मान्य करायला हवं ते करते. राज्याच्या महसुलातला मोठा वाटा पगार, पेन्शन आणि व्याजावर जातो. पण म्हणून ‘सरसकट’?

मावशीला पगार नाहीच, मानधन आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पात मदतनिसांचं मानधन ४,४२५ वरून ५,५०० झालं. पुढे ते वाढलं, पण तेव्हाच्या मानधनाच्या निम्मे २,७५०. एवढ्यासाठी मुलांना घरून आणायचं, खिचडी शिजवायची, भांडी घासायची. मानधन लांबलं की किराणा दुकानदाराच्या वहीत तिची उधारी वाढते.

सारख्या टक्केवारीचा हिशेबही बघा. केंद्राने जानेवारी २०२० ते जून २०२१ महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले. १८,००० मूळ पगाराच्या शिपायाचे त्यात २३,७६० रुपये गेले. सव्वादोन लाख मूळ पगाराच्या सचिवाचे तीन लाखांच्या आसपास गेले असतील, पण त्यांची बचत कमी झाली. शिपायाच्या घरात मुलीची फी अडली. ती थकबाकी सरकारने दिलीच नाही.

सरकारला हा फरक कळत नाही असंही नाही. ३१ मार्च २०२० ला, कोरोनामुळे तिजोरी कोरडी पडत असताना, महाराष्ट्र सरकारने मार्चचा पगार टप्प्यांत द्यायचं ठरवलं. लोकप्रतिनिधींचा ६० टक्के, अ आणि ब वर्गाचा, म्हणजे अधिकाऱ्यांचा, ५०, क वर्गाचा, म्हणजे कारकून वगैरेंचा, २५ टक्के मागे ठेवला. ड वर्गाला, म्हणजे शिपाई वगैरेंना, हात लावला नाही. इतक्या अडचणीतही जे सरकारला करवलं नाही, ते मामांचा मेसेज करायला निघालाय.

राहिले अर्ध्या पगारात येणारे. ते आलेतच, कंत्राटी म्हणून. मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम होण्यासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत भांडावं लागलं, निकाल २०१७ ला लागला.

मामा, मेसेज काढू नका. फक्त त्याखाली ‘क आणि ड वर्ग, मानधनवाले आणि कंत्राटी सोडून’ एवढं लिहा आणि जिथून आला तिथे परत पाठवा.