जुने घर घ्यावे, तपासू नये

सोलापूर शहरातल्या फ्लॅटला कंटाळलेल्या, तसेच पुण्यात नोकरी करून निवृत्तीकडे झुकलेल्या सोलापूरकर मंडळींना अलीकडे गावाकडच्या जुन्या घराची ओढ लागली आहे, ही मोठ्या समाधानाची बाब आहे. मोहोळ, बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोट या बाजूंच्या गावांत काळ्या दगडाच्या रुंद भिंतींची, माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, आणि ओसरीची घरे अजून उभी आहेत आणि त्यांपैकी बरीच विकाऊ आहेत. अशा घराचा व्यवहार बिनबोभाट पार पडावा, अशी ज्यांची मनापासून इच्छा असेल त्यांनी काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे, आणि त्यांतले पहिले व मुख्य पथ्य असे की, घर पाहायला जाताना स्ट्रक्चरल इंजिनिअरला चुकूनही बरोबर नेऊ नये.

बरोबर न्यायला इतर माणसे पुष्कळ असतात. वास्तुतज्ज्ञ न्यावा, कारण तो देवघराची दिशा पाहतो आणि छताकडे पाहत नाही. एखादा मेव्हणा न्यावा; प्रत्येक कुटुंबात भिंतीवर थाप मारून तिचे आयुष्य सांगणारा एक मेव्हणा असतोच. दलाल तर न बोलावता येतो. घरधनी स्वतः ओसरीवर बसवून चहा देतो आणि सांगतो, “मालक, ही भिंत बगा की. आमच्या पणज्यानं बांधलेली हाय. तोफ लावली तरी हलायची न्हाई.” हे ऐकून मान डोलवावी. तोफ घेऊन सध्या गावात कोणी येत नाही, आणि माळवदातून झिरपणाऱ्या पाण्याविषयी पणज्याने काही सांगून ठेवलेले नसते, त्यामुळे हे विधान खोडून काढणे कोणालाच शक्य होत नाही.

इंजिनिअर आला की नेमकी याच भिंतीपाशी कटकट सुरू होते. दोन-अडीच फूट रुंदीची दगडी भिंत बाहेरून एकसंध दिसत असली, तरी प्रत्यक्षात तिच्यात बहुधा आतले आणि बाहेरचे असे दोन वेगळे थर असतात, आणि त्यांच्या मधल्या जागेत चिपा, मुरूम व माती यांचा भराव घातलेला असतो. हे दोन्ही थर एकमेकांना धरून राहावेत म्हणून भिंतीत आरपार जाणारे लांब दगड घालावे लागतात. भारतीय मानकाप्रमाणे उंचीत दर ६०० मिलिमीटरला आणि लांबीत १.२ मीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता. जुन्या गवंड्याने ते घातले होते की नव्हते, हे थाप मारून कळत नाही. नसतील, तर वरून उतरणाऱ्या पाण्याने भराव खाली बसतो, बाजूला दाबतो आणि भिंतीला पोट सुटते. इंजिनिअर तिथे ओळंबा सोडतो, त्याची दोरी वर आणि खाली भिंतीपासून सुटून मधल्या पोटाला टेकते, आणि मग तो पट्टीने ते अंतर मोजून वहीत टिपून घेतो. घरधन्याच्या देखत असे करणे असभ्यपणाचे आहे. सुज्ञ खरेदीदाराने तो फुगवटा हातकामाचा जिवंतपणा समजून त्याच्यासमोर सहकुटुंब फोटो काढावा.

छताच्या बाबतीत तर आणखी जपायला हवे. तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर काटक्या किंवा फळ्या आणि त्यांच्यावर पांढऱ्या मातीचा थर असे हे माळवद सोलापूरच्या उन्हाळ्यात घर गार ठेवते, यात वाद नाही. मात्र माळवद गळू लागले की वर आणखी माती टाकायची, हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्यामुळे थर वाढतच जातो. उतरवण्याची तसदी कोणी घेत नाही. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीवर दीड फूट माती असेल, तर ती १८० घनफूट झाली, आणि घनफुटाला ४५ किलो इतका माफक हिशेब धरला तरी वजन ८ टनांच्या पुढे जाते, तेही माती कोरडी असताना. म्हणजे उसाने भरलेली ट्रॉली डोक्यावर उभी करून खाली पलंग टाकण्यासारखे आहे. हा हिशेब शाळेतल्या गुणाकाराने होतो, परंतु तो करू नये, आणि इंजिनिअरला तर मुळीच करू देऊ नये, कारण तो माळवदाला कुठेतरी छोटे भोक पाडून थराची खरी जाडी मोजल्याशिवाय राहत नाही. विकणाऱ्याने खालून पीओपीचे छत करून त्यात निळे दिवे बसवले असतील, तर फारच उत्तम. तुळई दिसत नाही, तेव्हा तिचा प्रश्नही उरत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास, किल्लारी आणि आसपासच्या गावांत अशीच घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. भूकंप ६.२ ते ६.३ रिश्टरच्या घरातला होता. माणसे मारली ती आरपार दगड नसलेल्या भिंतींनी आणि त्यांच्यावरच्या मातीच्या वजनाने. तो सारा पट्टा आपल्या जिल्ह्याच्या शेजारचा आहे आणि घरे बांधण्याची पद्धतही तीच आहे. परंतु गृहप्रवेशाच्या पत्रिकेत असले विषय शोभत नाहीत, म्हणून ते इथेच सोडून देऊ.

इंजिनिअरचा सर्वांत मोठा दोष असा की, तो एवढे सगळे पाहूनही घर घेऊ नका असे क्वचितच म्हणतो. तो उपाय सांगतो. माळवदावरची जादा माती उतरवा, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोके पाडून दोन्ही थर शिवणारे, सळई घातलेले काँक्रीटचे टाके भरा, दारे-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना बांधणारा पट्टा फिरवा, असे तो एकेक लिहीत जातो आणि प्रत्येकापुढे खर्चाचा आकडा मांडतो. त्या आकड्यांची बेरीज घराच्या किमतीतून वजा करून मागता येते, अशी कल्पना मनात येण्याचा धोका इथेच निर्माण होतो.

काही घरांत माळवदाचा भार भिंतीवर नसून लाकडी खांबांवर असतो. अशी घरे खणांवर, म्हणजे खांबांमधल्या अंतरांवर, मोजतात, आणि किल्लारीच्या परिसरातही काही ठिकाणी भिंती ढासळून लाकडी सांगाडा तेवढा उभा राहिला होता. त्यामुळे भार नक्की कोण पेलते आहे, भिंत की खांब, हा जाणत्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, आणि उत्तर खांब असे मिळाले की तो ताबडतोब गुडघ्यांवर बसून खांबाचा पाय तपासू लागतो. खांब तळखड्यावर, म्हणजे त्याच्या पायाखालच्या दगडावर, नीट बसलेला आहे, की मागाहून फरशी उंच करताना त्याचा पाय सिमेंटमध्ये गाडून टाकला आहे, हे तो पाहतो. मग खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढून फरशीलगत लाकडात दाबतो. वरून ऑइलपेंटने चकाकणाऱ्या सागवानी खांबात तो मुठीपर्यंत सहज शिरतो आणि बाहेर काढताना त्याच्याबरोबर ओलसर, तपकिरी भुसा येतो. आत वाळवीने पोखरलेले पोकळ घर आणि वर रंगाची कागदासारखी साल. हे दृश्य पाहिल्यावर घरधन्याच्या डोळ्याला डोळा भिडवणे अवघड जाते. तस्मात स्क्रू-ड्रायव्हर गाडीतच ठेवावा.

पुष्कळदा विकायला निघालेला भाग हा मोठ्या वाड्यातली वाटणी असतो, आणि या प्रकारात न पाहण्याची कला विशेष उपयोगी पडते. भाऊबंदांनी वाटणी करताना आंगण, ओसरी, आड सगळे मोजून वाटलेले असते, परंतु तुळई वाटता येत नाही. ती एका खोलीतून निघून मधल्या भिंतीवरून पलीकडच्या चुलतभावाच्या खोलीत जाते, म्हणजे तिचे एक टोक तुमच्या खरेदीखतात आणि दुसरे त्याच्या घरात असते. पुढेमागे चुलतभावाने आपला भाग पाडून आरसीसीचा बंगला बांधायचे ठरवले, तर तुळईचे ते टोक कशावर टेकणार, आणि सामाईक भिंतीलगत त्याने पायाचे खड्डे काढले तर तुमच्या बाजूचा पाया कशावर राहणार, हे प्रश्न पाहणीच्या अहवालात नकाशासह येतात. ते व्यवहाराआधी आले तर चुलतभावाशी लेखी काहीतरी ठरवून घ्यावे लागते, आणि सख्ख्या भावाशी न बोलणाऱ्या घरात हे काम कोणी अंगावर घ्यावे?

घर पाहण्याचा हंगामही विचारपूर्वक निवडावा. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जुने गावठाण बहुधा पांढरीवर, म्हणजे पांढऱ्या मातीच्या जागेवर, वसलेले असले, तरी मागाहून वाढवलेली न्हाणी, स्वयंपाकघर किंवा रस्त्याकडची खोली काळीवर उथळ पाया घेऊन उभी असते. अशा ठिकाणी जुन्या-नव्या बांधकामाच्या सांध्यात, किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग जाते. जमीन ओली असताना ती मिटते आणि मे महिन्यात उघडते. तेव्हा घर पाहायला भरल्या पावसाळ्यानंतर जावे, शेत हिरवे असते आणि भेगही दिसत नाही. इंजिनिअर मात्र भेगेवर काचेची पट्टी चिकटवून काही महिन्यांनी ती तडकली का हे पाहायला सांगतो. एवढा धीर धरणाऱ्यांनी घर घेण्याच्या भानगडीत पडूच नये.

सीनाकाठच्या किंवा भीमाकाठच्या गावात घर असेल, तर पाणी कुठवर आले होते, हे शेजाऱ्यांना विचारू नये. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला आलेला पूर गावकऱ्यांच्या ताज्या स्मरणात आहे आणि ते भिंतीवर बोट ठेवून उत्तर देतात. मातीत बांधलेली भिंत आठवडाभर पाण्यात राहिली की दगडांना धरून ठेवणारी आतली माती धुऊन जाते, पण बाहेरून सिमेंटचा गिलावा मारून वर पिस्ता रंग दिला की काही कळत नाही. हा सिमेंटचा गिलावा म्हणजे जुन्या घराच्या विक्रीतले फार गुणी द्रव्य आहे. मातीच्या भिंतीतला ओलावा त्यामुळे बाहेर पडू शकत नाही, आतल्या आत वर चढत राहतो आणि यथावकाश गिलाव्याच्या वरच्या कडेला पोपडे धरून, पांढरे मीठ फुलवून दर्शन देतो. मात्र यथावकाश म्हणजे खरेदीखत नोंदवून झाल्यानंतर.

जमिनीखालचे प्रकरण राहिलेच. जुन्या घरांत धान्याची पेवे असत, आणि पेव बंद करताना ते नेहमी नीट भरले जातेच असे नाही. फरशीवर काठी आपटत फिरून पोकळ आवाज शोधणे हे इंजिनिअरचे आणखी एक व्यसन. वायरिंग, अर्थिंग, सांडपाणी या किरकोळ गोष्टींबद्दल काहीच न बोललेले बरे.

कायद्याचा आधार मात्र प्रत्येकाला हवा असतो. घराला रेराचे, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याचे, संरक्षण आहे असे कोणी म्हणाले, तर त्याला दुरुस्त करू नये. बांधकामातील दोषांची पाच वर्षांची हमी ही विकासकाने बांधलेल्या नव्या प्रकल्पातल्या घरासाठी असते, पणज्याच्या भिंतीसाठी नसते, हे त्याला पुढे समजेलच. बँकेच्या व्हॅल्युएशनलाच पाहणी समजावे. ते बँकेचे पैसे सुरक्षित आहेत का, एवढे पाहण्यासाठी असते, आपण त्या छताखाली झोपणार आहोत हा त्याचा विषय नसतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमातील कलम ५५ विक्रेत्यावर एक जबाबदारी टाकते: त्याला ठाऊक असलेला, खरेदीदाराला ठाऊक नसलेला आणि साधी काळजी घेऊनही खरेदीदाराला सापडला नसता, असा महत्त्वाचा दोष त्याने सांगितला पाहिजे. साधी काळजी घेतली असती तर सापडला असता, असा दोष मात्र आपल्याच पदरात पडतो, आणि भिंतीचे पोट तर ओसरीवर बसल्या बसल्याही दिसते.

शेवटची गोष्ट इसार पावतीची. पाहणीचा अहवाल समाधानकारक आल्यासच पुढील व्यवहार होईल, अन्यथा इसार परत मिळेल, अशी एका ओळीची अट तिच्यात घालता येते. ती घालू नये. घरधन्याला वाईट वाटते, दलाल दुसरे गिऱ्हाईक उभे असल्याचे सांगतो, आणि अहवाल हाती आलाच तर किंमत कमी करून मागण्याचा संकोचाचा प्रसंग आपल्यावर ओढवतो. त्यापेक्षा ठरली ती किंमत पूर्ण मोजावी, आणि अहवालाने वाचली असती ती रक्कम पुढच्या दोन पावसाळ्यांत गवंडी, सुतार, वाळवीचे औषध मारणारा आणि माळवदावरची माती खाली उतरवणारे मजूर यांना थोडी थोडी देत राहावी. आपल्या एकट्याचे पैसे वाचवण्यापेक्षा गावात चार घरांना काम मिळते, आणि नव्या पाहुण्याबद्दल लोकांचे मतही चांगले होते.