"त्यांनी सिद्ध काय केले?"

आज एका व्याख्यानात जीवनसत्त्वांचा इतिहास थेट १९१२ पासून सुरू झाला. १८८० सालीच या शोधाची चाहूल लागलेल्या निकोलाय लुनिन या संशोधकाचे नाव कसे नाही, असे मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "त्यांनी सिद्ध काय केले?" तेव्हापासूनचा संताप अजून शमलेला नाही.

हाच प्रश्न एम.एस्सी.च्या प्रकल्पात माझ्या मार्गदर्शकांनी लाल शाईने समासात लिहिला होता. विकराच्या (एन्झाइमच्या) एका प्रयोगाचे आकडे अपेक्षेशी जुळत नव्हते, म्हणून ते अख्खे पान त्यांनी खोडले.

लुनिन यांनी आपले असे पान खोडले नाही. १८८० साली दोर्पातला, म्हणजे तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील आणि आजच्या एस्टोनियातील तार्तूला, गुस्टाव फॉन बुंगे यांच्या प्रयोगशाळेत ते आहारातील क्षारांचे काम तपासत होते. केसीन (दुधातले प्रथिन), स्निग्धांश, साखर आणि दुधातले सगळे क्षार वेगवेगळे शुद्ध करून एकत्र दिले, तरी उंदीर महिन्याभरात मेले. नुसत्या दुधावरचे मात्र धडधाकट राहिले. प्रश्न क्षारांचा होता, उत्तर भलतेच आले. तरीही या तरुणाने आपल्या प्रबंधात स्पष्ट लिहिले की दुधात या घटकांपलीकडे, जगण्यासाठी अनिवार्य असे आणखी काही असले पाहिजे. ते काय, हे त्यांना सांगता येत नव्हते. माझ्या मार्गदर्शकांच्या हाती हा प्रबंध पडला असता तर नेमके हेच वाक्य कापले गेले असते.

त्यांनी दुग्धशर्करेऐवजी उसाची साखर वापरली होती, हा आक्षेप खरा आहे. दुधातला तो अज्ञात पदार्थ त्यांनी वेगळा काढला नाही, हेही खरे. म्हणून काय नाव पुसायचे?

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे, कारण त्यांचे पुढचे आयुष्य आठवले. ते पीटर्सबर्गला बालरोगतज्ज्ञ झाले आणि आजारी मुलांवर उपचार करत राहिले. इकडे खोडलेल्या त्या एका पानासाठी मी इतकी वर्षे धुमसते आहे. जीवनसत्त्वांच्या शोधासाठीचे १९२९ चे नोबेल आइकमान आणि हॉपकिन्स यांना मिळाले, ते योग्यच होते. पण खुद्द हॉपकिन्स यांनी आपल्या नोबेल व्याख्यानात लुनिन यांच्या कामाची दखल घेतली. तेव्हा लुनिन हयात होते. त्यांचे निधन १९३७ साली त्याच शहरात, म्हणजे तेव्हाच्या लेनिनग्राडला झाले.

हॉपकिन्स यांना जे नाव घ्यावेसे वाटले, ते आपल्या व्याख्यात्यांना जड का व्हावे? तुमच्यापैकी जे जीवरसायन शिकवतात, त्यांनी जीवनसत्त्वांचा पहिला तास १८८० पासून सुरू करावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे.