अल्गोरिदमिक रिव्हर्ब ‘नकली’ म्हणून काढून टाकायचा?

मिक्सिंग शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो. अल्गोरिदमिक रिव्हर्ब म्हणजे गणिताने तयार केलेला नकली घुमारा. तो पत्र्यासारखा वाजतो आणि मिक्स गढूळ करतो. कॉम्प्युटर कमजोर होते तोवर चाललं, पण आता खऱ्या सभागृहांचे इम्पल्स रिस्पॉन्स (जागेत क्षणभराचा आवाज केल्यावर तिथे उमटणाऱ्या घुमाऱ्याचं रेकॉर्डिंग) मिळतात, तर फक्त कन्व्होल्यूशन, म्हणजे तो रेकॉर्ड केलेला घुमारा आपल्या आवाजाला लावणारा रिव्हर्ब, वापरा. हे ऐकून लोक हाताशी असलेली उत्तम प्लगइन्स बाजूला टाकतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा खऱ्या-नकलीचा. इम्पल्स रिस्पॉन्स खरा असतो हे कबूल. पण तो सभागृहातल्या एका जागचा स्पीकर आणि एका जागचा माइक, एवढ्या एका जोडीचा असतो. त्यातून ड्रम, गिटार आणि गाणं पाठवलं, की घुमाऱ्यापुरते तिघंही एकाच बिंदूवर उभे राहतात. शिवाय रेकॉर्डिंगमधला रिव्हर्ब खऱ्या जागेशी बांधलेला कधी होता? १९५७ साली आलेला ईएमटी १४० प्लेट म्हणजे ताणून टांगलेला पोलादी पत्रा. त्यात खोली नाही, भिंती नाहीत. तरी त्याच्यावरचा गाण्याचा आवाज पिढ्यान् पिढ्या आपल्याला सुंदर वाटत आला. १९७६ चा ईएमटी २५० आणि १९७८ चा लेक्सिकॉन २२४ हे डिजिटल रिव्हर्ब तर सरळ अल्गोरिदमच आहेत. मिक्समध्ये विचारायचं ते हे, की शेपूट, म्हणजे आवाज थांबल्यावर मागे रेंगाळणारा घुमारा, गाण्याला शोभतं का.

‘पत्र्यासारखा वाजतो’ या तक्रारीत मात्र तथ्य आहे, म्हणून इथे जरा थांबू. बेल लॅब्समधल्या मानफ्रेड श्रोडर यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जी रचना मांडली, तिच्यात कोंब (comb, म्हणजे कंगवा) फिल्टर समांतर आणि प्रतिध्वनी दाट करणारे ऑल-पास फिल्टर एकामागोमाग असतात. कोंब फिल्टरमध्ये आवाज ठरावीक उशिराने पुन्हा स्वतःतच मिसळत राहतो. हा फेरा ३० मिलिसेकंदांचा असेल, तर साधारण दर ३३ हर्ट्झवर एक शिखर उभं राहतं. शिखरं विरळ असली की ती सुरासारखी ऐकू येतात, आणि तोच तो पत्रा. बऱ्याच फुकट प्लगइन्सचा पाया असलेल्या फ्रीव्हर्बमध्ये प्रत्येक चॅनलला आठ कोंब आणि चार ऑल-पास आहेत. त्यातला सर्वांत लांब फेरा जेमतेम ३७ मिलिसेकंदांचा आहे आणि मॉड्युलेशन, म्हणजे फेऱ्यांची लांबी सतत किंचित हलवत ठेवणं, अजिबात नाही. एवढ्यावरून सगळ्या अल्गोरिदमना नावं ठेवणं अन्याय आहे.

हे कानाने पडताळता येतं. स्नेअर (ड्रम सेटमधला कडक वाजणारा ड्रम) एकटा वाजवा. डिके (घुमारा विरायला लागणारा वेळ) ३ सेकंद, साइझ सगळ्यात लहान, डिफ्यूजन (प्रतिध्वनींचा दाटपणा) आणि मॉड्युलेशन शून्य ठेवा. शेपटात ‘टंऽग’ असा एक सूर अडकलेला ऐकू येईल. आता साइझ वाढवा: फेरे लांबतात, शिखरं जवळजवळ येतात, सूर विरतो, पण सुटे ठोके उघडे पडतात. डिफ्यूजन वाढवला की तेही भरून निघतात. श्रोडर यांच्या मते घुमारा सलग वाटायला सेकंदाला सुमारे १००० प्रतिध्वनी लागतात. शेवटी मॉड्युलेशन हळूहळू वर न्या. शिखरं एका जागी टिकत नाहीत आणि शेपूट मऊ होतं. पियानोवर मात्र हात आखडता घ्या, कारण लांब धरलेला सूर लगेच डगमगतो.

साधा इम्पल्स रिस्पॉन्स नेमकं हेच करू शकत नाही. तो गोठलेला असतो, दर ठोक्याला तेच शेपूट. लेक्सिकॉन २२४ चा इम्पल्स रिस्पॉन्स घेतला, तर त्याच्या आतली हालचालही तिथेच गोठते.

गढूळपणाचा दोष बहुतेक वेळा प्लगइनचा नसतो, सेटिंगचा असतो. कन्व्होल्यूशन लावूनही ३०० हर्ट्झच्या आसपासचा चिखल तसाच राहतो. गाण्याच्या सेंडवर (रिव्हर्बकडे आवाज पाठवणाऱ्या वेगळ्या वाटेवर) रिव्हर्बच्या आधी ईक्यू, म्हणजे आवाजाच्या पट्ट्या कमी-जास्त करणारं साधन, लावा. अॅबी रोड स्टुडिओची म्हणून प्रसिद्ध असलेली जुनी रीत ६०० हर्ट्झखालचं आणि १० किलोहर्ट्झवरचं कापण्याची आहे. ऐकायला हे टोकाचं वाटतं, पण भरगच्च मिक्समध्ये फार कामाला येतं. मग प्री-डिले, म्हणजे घुमारा सुरू होण्याआधीचा उशीर: ९० बीपीएमला (मिनिटाला ९० ठोके) चौसष्टांश नोट साधारण ४२ मिलिसेकंदांची होते. तेवढा उशीर दिला की शब्दाचं पहिलं व्यंजन कोरडं पोचतं आणि घुमारा मागून येतो. डिकेचंही तसंच. १०० बीपीएमला दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावरचे स्नेअर १.२ सेकंदांच्या अंतराने पडतात. डिकेचा आकडा म्हणजे आवाज ६० डेसिबल उतरायला लागणारा वेळ, त्यामुळे २ सेकंदांचा डिके एका सेकंदात ३० डेसिबल उतरलेला असतो आणि भरल्या मिक्समध्ये बहुधा झाकला जातो. आकड्याला घाबरू नका, पुढच्या ठोक्याआधी जागा मोकळी होते का ते ऐका.

अल्गोरिदममध्ये हे सगळं आतून फिरवता येतं. वरच्या पट्ट्यांचा डिके वेगळा, खालच्यांचा वेगळा. इम्पल्स रिस्पॉन्सचं शेपूट लहान-मोठं करता येतं, पण फार ताणलं की ज्या खरेपणासाठी तो घेतला तोच निसटतो.

राहिला कमजोर कॉम्प्युटरचा मुद्दा. सोनीचं डीआरई-एस७७७ हे सॅम्पलिंग रिव्हर्ब १९९९ मध्ये आलं. त्यानंतर लवकरच कन्व्होल्यूशन साध्या कॉम्प्युटरवर चालू लागलं. अल्गोरिदम ही निव्वळ नाइलाजाची सोय असती, तर तेव्हाच संपली असती. आजही नवे अल्गोरिदमिक प्लगइन निघतात आणि व्यावसायिक मिक्समध्ये रोज वापरले जातात.

कन्व्होल्यूशनची स्वतःची जागा आहे, आणि ती मोठी आहे. सिनेमात नंतर डब केलेला संवाद त्याच खोलीत बोलल्यासारखा वाटायला हवा असेल, तर त्या खोलीत घेतलेल्या इम्पल्स रिस्पॉन्सच्या जवळपास दुसरं काही जात नाही. गाण्यातही सुरुवातीची परावर्तनं कन्व्होल्यूशनची आणि लांब शेपूट अल्गोरिदमचं, अशी जोडी झकास जमते. दोन्ही वेगळ्या सेंडवर ठेवा आणि शेपटाचा प्री-डिले थोडा जास्त द्या.