एलिफंट सील खरोखरच आळशी असतो का?

किनाऱ्यावर निपचित पसरलेल्या एलिफंट सील या अवाढव्य सागरी सस्तन प्राण्याची चित्रफीत दाखवून चार विधाने सध्या सर्रास पुढे पाठवली जातात. हा जगातील सर्वांत आळशी प्राणी आहे. तो सोंडेने मासे पकडतो. त्याची मादी महिन्याचे पिल्लू टाकून निघून जाते. आणि त्यांची संख्या आता लाखांत गेल्यामुळे त्याला धोका उरलेला नाही. यांपैकी पहिली दोन चूक आहेत, उरलेली दोन अर्धवट.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर दिसणारा उत्तरेकडील एलिफंट सील वर्षातून फक्त दोनदा जमिनीवर येतो, हिवाळ्यात प्रजननासाठी आणि नंतर कात टाकावी तशी त्वचा बदलण्यासाठी. वर्षाचा उरलेला मोठा भाग तो उत्तर पॅसिफिकमध्ये असतो आणि त्यातला सुमारे नव्वद टक्के वेळ पाण्याखाली काढतो: साधारण वीस मिनिटांची, चारशे ते सहाशे मीटर खोल बुडी, दोन-तीन मिनिटे श्वास, की पुन्हा बुडी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माद्यांच्या मेंदूतील विद्युतलहरी नोंदवल्या गेल्या. त्यातून असे दिसले की समुद्रात असताना त्या दिवसाकाठी जेमतेम दोन तास झोपतात, तेही बुडीच्या मध्येच, दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत. झोपेत स्नायू पूर्ण शिथिल पडले की शरीर उलटे होते आणि गळालेल्या पानासारखे गिरक्या घेत खाली जाते. पांढरा शार्क आणि किलर व्हेल हे त्याचे शत्रू मुख्यतः वरच्या थरात फिरत असल्याने ही डुलकी खोलवर घेणेच त्यातल्या त्यात सुरक्षित असते.

मग किनाऱ्यावर तो हलत का नाही? कारण तिथे त्याचा उपवास चालू असतो. प्रजननकाळात मोठा नर तीन महिन्यांपर्यंत काहीही न खाता-पिता राहतो. ऊर्जा आणि पाणी दोन्ही साठवलेल्या चरबीच्या ज्वलनातूनच मिळवतो. अशा वेळी प्रत्येक अनावश्यक हालचाल त्याच्या शिल्लक साठ्यावर पडते. त्वचा बदलताना केसांबरोबर वरचा थरही सालपटांसारखा निघतो. नव्या त्वचेला पृष्ठभागापर्यंत रक्तपुरवठा लागतो आणि थंड पाण्यात तसे केल्यास शरीराची ऊब झपाट्याने निघून जाईल, म्हणून तो महिनाभर जमिनीवरच थांबतो. चित्रफितीत दिसतो तो आळस नव्हे, काटकसर आहे.

सोंडेचा मुद्दा लवकर निकालात निघतो. ती फक्त प्रौढ नराला असते, आणि सोंड नसलेली मादी मासे व माखुळ व्यवस्थित पकडते. खोल काळोखात भक्ष्याची हालचाल टिपण्याचे काम मिशा करतात. नराच्या या फुगीर नाकाचा उपयोग डरकाळी घुमवण्यासाठी होतो. डरकाळीच्या ठेक्यावरून आणि पोतावरून नर आपले प्रतिस्पर्धी ओळखतात, आणि त्यामुळे पुष्कळशा मारामाऱ्या टळतात.

मादी पिल्लाला सोडून जाते हे खरे आहे, मात्र त्याआधीचे चार आठवडे सांगितले जात नाहीत. तेवढ्या काळात ती अन्नाला स्पर्शही करत नाही. तिच्या दुधातील चरबीचे प्रमाण निम्म्याच्या वर जाते. पिल्लाचे वजन तिपटीहून अधिक होते, तर तिचे स्वतःचे एक तृतीयांशाहून जास्त घटते. त्यानंतरही ती थांबली तर दोघांच्याही जिवावर बेतेल. पिल्लू पुढे दोन-अडीच महिने त्याच चरबीवर जगते, उथळ पाण्यात पोहायला शिकते, आणि दरम्यान त्याच्या रक्ताची व स्नायूंची प्राणवायू साठवण्याची क्षमता वाढत जाते. माणसाच्या आईपणाचे माप इथे लावण्यात काहीच अर्थ नाही.

राहिला संख्येचा प्रश्न. चरबीपासून मिळणाऱ्या तेलासाठी झालेल्या कत्तलीनंतर १८९२ मध्ये मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटावर संग्रहालयासाठी नमुने शोधणाऱ्यांना आठ सील दिसले, आणि त्यांनी त्यांतले सात मारले! १९२२ मध्ये मेक्सिकोने संरक्षण दिले आणि आज उत्तरेकडील प्रजातीची संख्या दोन लाखांच्या वर आहे. पण हे सारे मूठभर पूर्वजांचे वंशज असल्याने त्यांच्यातील जनुकीय विविधता अत्यंत कमी आहे, आणि अशा प्राण्यांना नवा रोग कितपत झेपेल याची खात्री नुसत्या मोजणीतून मिळत नाही. दक्षिण गोलार्धात राहणाऱ्या एलिफंट सीलच्या दुसऱ्या, दक्षिणेकडील प्रजातीत ही विविधता जास्त असूनही २०२३ मध्ये अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर बर्ड फ्लूने सतरा हजारांहून अधिक पिल्ले, म्हणजे त्या हंगामात जन्मलेली जवळजवळ सगळीच, मेली. या प्रजातीची सर्वांत मोठी वसाहत असलेल्या, दक्षिण अटलांटिक महासागरातील दक्षिण जॉर्जिया बेटावर २०२२ ते २०२४ या काळात प्रजननासाठी आलेल्या माद्यांची संख्या जवळपास निम्म्याने घटली.