तोंडी परीक्षेचे गुण वाटायचे की मुलांना बोलायला शिकवायचं?

दहावीच्या भाषा विषयांचे तोंडी परीक्षेसह शाळेने द्यायचे अंतर्गत 20 गुण राज्य मंडळाने 2018-19 मध्ये बंद केले. 2019 चा निकाल 77.10 टक्के लागला, आदल्या वर्षी तो 89.41 होता. ओरड झाली आणि पुढच्या वर्षी गुण परत आले. वाद सगळा टक्क्यांचा होता, बोलण्याचा नव्हताच. आजही बऱ्याच शाळांत तोंडी म्हणजे कविता म्हणून दाखव, पाठाखालच्या दोन प्रश्नांची उत्तरं दे, जा.

"साठ मुलं आहेत, वेळ कुठला?" हे शिक्षकांचं उत्तर मला पटत नाही. आठवड्यातून एका तासिकेची शेवटची 15 मिनिटं पुरतात. पेपरातली शंभर-सव्वाशे शब्दांची बातमी एकदाच वाचायची, वह्या मिटलेल्या. मग बाकावरच्या जोडीतला एक मिनिटभर ती बातमी सांगणार. दुसऱ्याने ऐकलेलं एका वाक्यात परत सांगायचं आणि एक प्रश्न विचारायचा. हो-नाही एवढ्यावर संपणारा प्रश्न चालणार नाही. मग अदलाबदल. शेवटी हजेरीपटावरचे आधी न झालेले कुठलेही चार क्रमांक पुकारून त्यांचं ऐकायचं. पंधरा आठवड्यांत साठ मुलं होतात!

पहिले दोन आठवडे गोंगाट होतो आणि शेजारच्या वर्गावरून निरोप येतो. तेव्हा "गप्प बसा" म्हणू नका. आवाज बाकापलीकडे जाऊ नये, पण शेजाऱ्याला प्रत्येक शब्द कळावा, एवढंच सांगा. आवाजाची पट्टी सांभाळायला मुलं इथेच शिकतात.

खरी माती होते ती मधेच टोकण्याने. मूल "तिथं पानी नव्हतं" म्हणालं की आपण लगेच "पाणी!" म्हणतो. मूल तिथेच थबकतं आणि पुढच्या वेळी तोंडच उघडत नाही. बोलू द्या. शब्द टिपून ठेवा, शेवटी फळ्यावर दोन्ही रूपं लिहा: घरी हे, परीक्षेच्या पेपरात हे. नाव घेऊ नका.

आणि ते "अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग" कृपा करून वर्गात आणू नका. पाठ केलेल्या भाषणात एक वाक्य विसरलं की पुढचं सगळं कोसळतं. त्याऐवजी चिठ्ठीवर फक्त तीन शब्द लिहू द्या.

गुण देताना ऐकणाऱ्यालाही द्या. त्याचा प्रश्न बातमीला धरून होता का, एवढं पाहिलं तरी पुरे. हजेरीपटाशेजारी तारीख आणि एक शेरा टाकत गेलात, तर मार्चमध्ये आकडे डोक्यातून काढून भरावे लागत नाहीत.