कन्सोल कुठलाही असो, आरजीबीच लावा? थांबा जरा

रेट्रो गेमिंगवाल्यांत एक सल्ला सतत फिरत असतो: कन्सोल कुठलाही असो, आरजीबी केबल (लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या तारांतून नेणारी) घ्या, जास्तीत जास्त टीव्हीएलचा (बारकाव्याचा आकडा, पुढे सांगतो) पीव्हीएम, म्हणजे जुना ट्यूबवाला व्यावसायिक मॉनिटर, गाठा, की सर्वोत्तम चित्र मिळालंच. कंपोझिट (सगळं चित्र एकाच तारेतून नेणारी साधी जोडणी) म्हणजे कचरा. यातलं निम्मं खरं आहे, म्हणून तर उरलेलं निम्मं बिनबोभाट खपतं.

'कन्सोल कुठलाही असो' इथेच पहिली गफलत. निन्टेंडोच्या मूळ एनईएस कन्सोलची चित्र काढणारी चिप थेट कंपोझिट सिग्नलच बनवते. आत आरजीबी नाहीच, तर केबल ते आणणार कुठून? कन्सोल उघडून वेगळा बोर्ड बसवावा लागतो. निन्टेंडो ६४ चंही तेच. मॉड (आत फेरफार) केल्याशिवाय आरजीबी मिळत नाही. एनटीएससी (अमेरिका-जपानची टीव्ही पद्धत) मॉडेल असेल तर मुकाट्याने एस-व्हिडिओ (उजेड आणि रंग वेगळ्या तारांतून नेणारी जोडणी) लावावं, चित्र छान येतं. सेगाचा मेगा ड्राइव्ह, निन्टेंडोचा मूळ एसएनईएस आणि प्लेस्टेशन यांच्या पोर्टात मात्र आरजीबी आहे. तिथे केबल जरूर घ्या, पण आपल्याच मॉडेलची. पाल (युरोपातली टीव्ही पद्धत) आणि एनटीएससी एसएनईएसच्या आरजीबी केबलींच्या आतली जोडणी वेगळी असते. जपानी २१ पिनी प्लग आणि युरोपातला स्कार्ट दिसायला सारखेच, पिना मात्र निराळ्या. अदलाबदल झाली तर यंत्र जळू शकतं.

आता टीव्हीएल. हा आकडा पडद्याच्या उंचीइतक्या रुंदीत किती उभ्या रेषा वेगळ्या दिसतात ते सांगतो. मेगा ड्राइव्हच्या बहुतेक गेममध्ये आडवे ३२० पिक्सेल असतात. ४:३ पडद्यावर त्यांचा हिशेब २४० टीव्हीएलचा, एसएनईएसच्या २५६ पिक्सेलचा तर १९२ चा. मग ६०० ऐवजी ८०० टीव्हीएल घेतल्याने नवा तपशील येणार कुठून? पिक्सेलच्या कडा आणखी धारदार होतात, दोन ओळींमधली काळी फट ठळक होते. आवडत असेल तर घ्या, पण ती आवड झाली. शिवाय हे मॉनिटर स्टुडिओत, हॉस्पिटलांत दिवसदिवस चालू असायचे. ट्यूब थकलेली आणि कन्व्हर्जन्स (तिन्ही रंगांचं एकाच जागी जुळणं) बिघडलेला असेल तर आकडा काय चाटायचाय? त्यापेक्षा घरात नीट ठेवलेला एस-व्हिडिओवाला टीव्ही मी कधीही घेईन.

कंपोझिटचा दोष खराच आहे. उजेड आणि रंग एकाच तारेतून जातात, टीव्हीला ते पूर्ण वेगळे करता येत नाहीत, मग कडांवर ठिपके सरकतात आणि लाल रंग तर हमखास पसरतो. पण १९९१ च्या मेगा ड्राइव्हवरच्या 'सोनिक' गेममधला धबधबा बघा. मेगा ड्राइव्हला एसएनईएससारखे रंग एकमेकांत मिसळता येत नव्हते, म्हणून चित्रकारांनी एकाआड एक उभ्या पट्ट्या काढल्या. कंपोझिटवर त्या एकमेकींत विरघळतात आणि पाण्याआडचं दृश्य झिरपून दिसतं. आरजीबीवर त्याच पट्ट्या गजांसारख्या उभ्या राहतात. अक्षरं, स्कोअर वगैरे मात्र आरजीबीवरच वाचावेत.

आणि सगळ्यांत कमी बोललं जातं ते फ्रिक्वेन्सीबद्दल, म्हणजे सेकंदाला चित्राच्या किती ओळी काढल्या जातात त्याबद्दल. जुने कन्सोल सुमारे १५.७ किलोहर्ट्झवर चालतात, कॉम्प्युटरचे बहुतेक व्हीजीए मॉनिटर ३१ च्या खाली उतरत नाहीत. म्हणून नुसता प्लग बदलून मेगा ड्राइव्ह त्यावर दिसत नाही. सेगाच्याच ड्रीमकास्टचं उलट आहे: त्याच्या बऱ्याचशा गेम व्हीजीएवर ४८०पी (प्रत्येक वेळी सगळ्या ४८० ओळी) देतात. १५ किलोहर्ट्झच्या पीव्हीएमवर त्याच गेम इंटरलेस होऊन (एकाआड एक ओळी पाळीपाळीने काढल्या जाऊन) थरथरतात, कॉम्प्युटरच्या साध्या मॉनिटरवर स्थिर दिसतात.