पहिली नोकरी आयसीयूतच हवी, हे म्हणणे का टिकत नाही

जीएनएम (परिचर्येची पदविका) आणि बीएस्सी नर्सिंगचे निकाल लागून परिचर्या परिषदेच्या नोंदणीची धावपळ सुरू झाली, की दरवर्षी एक मजकूर नव्या परिचारिकांच्या आणि ब्रदरांच्या, म्हणजे पुरुष परिचारकांच्या, फोनवर फिरू लागतो. त्याचा सारांश असा: पहिली नोकरी थेट आयसीयूतच घ्या, जनरल वॉर्डात वर्षे वाया जातात, परदेशात फक्त आयसीयूचा अनुभव धरतात, रुग्णालयाचे नाव मोठे असले की बाकी काही विचारू नका, आणि बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची हमी) लिहून देणे व मूळ प्रमाणपत्रे जमा करणे ही सगळीकडचीच रीत आहे. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, हे मला मान्य आहे. पण नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या मुलीने त्यावर विसंबून सही केली, तर तिची पुढची दोन-तीन वर्षे त्या सहीने बांधली जातात. म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासून पाहिला पाहिजे.

सर्वांत मोठा गैरसमज वॉर्डाविषयी आहे. सकाळी ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून रुग्णांची माहिती, घेतल्यानंतर दहा-बारा रुग्णांपैकी आधी कोणाकडे जायचे, हे ठरवणे ही परिचर्येतील पहिली आणि अवघड विद्या आहे, आणि ती वॉर्डातच अंगी बाणते. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी एखादा रुग्ण ‘जरा बरं वाटत नाही’ एवढेच म्हणतो. श्वास पूर्ण एक मिनिट मोजला तर 28 भरतो, म्हणजे नेहमीपेक्षा बराच जलद, लघवी रात्रीपासून कमी झालेली असते, हातपाय गार पडू लागलेले असतात, रक्तदाब मात्र अजून बरा असतो. तेथे कोणताही मॉनिटर वाजत नाही. तेथे परिचारिकेची नजर आणि तिने मोजलेला श्वास एवढेच असते. तिने तो श्वास न मोजता तक्त्यात सवयीने 20 लिहिला, तर ती गोष्ट कोणाच्याच ध्यानात येत नाही आणि तोच रुग्ण काही तासांनी घाईघाईने आयसीयूत हलवावा लागतो. म्हणजे आयसीयूत पोहोचणाऱ्या कित्येक रुग्णांचे दैव वॉर्डातल्या परिचारिकेने अगोदरच्या तासांत काय पाहिले यावर अवलंबून असते. त्या कामाला ‘वाया गेलेली वर्षे’ म्हणणे मला मनापासून चुकीचे वाटते.

आता आयसीयूची बाजू पाहू. व्हेंटिलेटरवरील रुग्णामागे एक परिचारिका, हे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी एकीच्या वाट्याला दोन, कधी तीन रुग्ण असतात. रक्तदाब टिकवून धरणाऱ्या नॉरॲड्रेनलिन या औषधाची सिरिंज संपत आली असता दुसरी आधीच भरून तयार ठेवायची असते, कारण बदलताना थोडा जरी खंड पडला तरी काही रुग्णांचा रक्तदाब पाहता पाहता खाली येतो. हे पुस्तकात वाचून जमत नाही. शेजारी उभे राहून कोणीतरी दोन-चार वेळा करवून घ्यावे लागते. पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन परिचर्या-संशोधिकेने 1984 मध्ये नवशिक्या परिचारिकेपासून तज्ज्ञ परिचारिकेपर्यंतच्या पाच पायऱ्या मांडल्या. त्यांतील तिसऱ्या, म्हणजे स्वतः नियोजन करून काम निभावण्याच्या पायरीवर पोहोचायला एकाच प्रकारच्या कामात साधारण दोन ते तीन वर्षे लागतात, असे तिचे निरीक्षण होते. तेव्हा तीन आठवड्यांत नव्या परिचारिकेला एकटीने व्हेंटिलेटर सांभाळायला सोडणारे आयसीयू तिला शिकवत नाही. ते रिकामी जागा भरत असते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ज्या आयसीयूत नव्या परिचारिकेला काही महिने अनुभवी सिस्टरच्या जोडीने ड्यूटी लावतात, औषधांची मात्रा दोघींनी तपासण्याचा नियम पाळतात आणि रात्री हाक मारली की येणारे कोणी असते, ते आयसीयू पहिल्या नोकरीसाठी उत्तमच आहे. उलट ज्या वॉर्डात रात्री चाळीस रुग्णांमागे एकच परिचारिका असते, तेथे सलाइन लावण्यापलीकडे काही शिकायला उसंतच मिळत नाही. म्हणून वॉर्ड की आयसीयू हा प्रश्नच मुळात चुकीचा मांडला आहे, असे मला वाटते. शिवाय आयसीयूची ओढ असणाऱ्यांना वॉर्डातून तिकडे जाण्याची वाट बंद होत नाही: अतिदक्षता परिचर्येच्या एक वर्षाच्या पोस्ट बेसिक पदविकेसाठी नोंदणीनंतरचा कामाचा अनुभवच मागितला जातो.

परदेशाबाबतचा दावा तर तेथील परीक्षांकडे पाहिले तरी गळून पडतो. ब्रिटनमध्ये नोंदणीसाठी संगणकावरील परीक्षेनंतर प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते, आणि तिचा कणा म्हणजे रुग्णाची पाहणी, शुश्रूषेचे नियोजन, त्याची अंमलबजावणी आणि मूल्यमापन हे चार टप्पे. चांगल्या वॉर्डात परिचारिका रोज करते ते हेच. अमेरिकेतील एनक्लेक्स ही परवान्याची परीक्षाही सर्वसाधारण परिचर्येची असून तिच्यात कोणत्या रुग्णाकडे आधी जाल, याच धर्तीचे प्रश्न भरपूर असतात. आखाती देशांतील जाहिराती बहुधा दोन वर्षांचा अनुभव मागतात, पण तो ज्या विभागासाठी जागा आहे त्या विभागाचा. डायलिसिसच्या जागेसाठी डायलिसिसचा, प्रसूतिकक्षाच्या जागेसाठी प्रसूतिकक्षाचा.

देशातल्या सरकारी भरतीविषयी मात्र हा मजकूर जे सांगायला हवे तेच सांगत नाही. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीसाठी जीएनएम झालेल्या उमेदवाराला किमान 50 खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो. बीएस्सीधारकांना ही अट नाही. म्हणजे एखाद्या जीएनएम मुलीने 20 खाटांच्या खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत दोन वर्षे राबून काढली, तर त्या भरतीपुरता तो अनुभव धरला जाणार नाही, आणि तालुक्याच्या 60 खाटांच्या रुग्णालयातील वॉर्डाचा धरला जाईल. पहिली नोकरी निवडताना खाटांची संख्या विचारा, आणि सोडताना ती अनुभवाच्या दाखल्यावर लिहून घ्या.

मोठ्या नावाबद्दल फार लिहीत नाही. नाव मोठे असले तरी पगार आणि प्रशिक्षण मोठे असेलच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 मधील निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी परिचारिकांच्या वेतनाविषयी शिफारशी केल्या: 200 पेक्षा अधिक खाटा असल्यास राज्य सरकारच्या परिचारिकांइतके वेतन, आणि 50 पेक्षा कमी खाटा असल्या तरी दरमहा 20,000 रुपयांच्या खाली नाही. या शिफारशींची अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेल्याने त्या सर्वत्र पाळल्या जात नाहीत, पण मुलाखतीत आकडा ऐकताना तो कशाशी ताडून पाहायचा, हे त्यांवरून नक्की कळते. हॉस्टेल आणि जेवणाचे पैसे कापून हातात किती येतात, भविष्यनिर्वाह निधी भरला जातो का, हेही तेथेच विचारावे.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत धोकादायक वाटतो, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. बाँड ही करारातली अट आहे आणि ती दरवेळी बेकायदा असते असे नाही: मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची सेवा आणि ती मोडल्यास दोन लाख रुपये, ही अट वैध ठरवली. तेव्हा ‘बाँडला काही अर्थ नसतो, सही करून टाक’ हा सल्लाही तितकाच चुकीचा आहे. मात्र भारतीय करार कायद्याच्या कलम 74 नुसार करार मोडल्यावर मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. म्हणून मुदत किती, रक्कम किती, वर्षागणिक ती कमी होते का आणि तिच्या बदल्यात कोणते प्रशिक्षण मिळणार, हे लेखी मागावे व सही केलेल्या कराराची प्रत स्वतःजवळ ठेवावी.

मूळ प्रमाणपत्रांचे तसे नाही. रुग्णालयाने ती पडताळावीत, साक्षांकित प्रती ठेवून घ्याव्यात आणि मूळ कागद त्याच दिवशी परत द्यावेत. परिषदेचे नोंदणीपत्र दुसऱ्याच्या कपाटात असेल, तर सरकारी भरतीच्या कागदपत्र पडताळणीला त्या मुलीला रिकाम्या हाताने जावे लागते आणि निवड होऊनही जागा निसटू शकते. ‘ठेवून घेत असाल तर तशी लेखी पोच द्या’ एवढे शांतपणे म्हटले, तरी पुष्कळ ठिकाणी कागद परत मिळतात; आणि जेथे पोचही देत नाहीत आणि कागदही परत करत नाहीत, तेथे रुजू होऊ नये, मग विभाग आयसीयू असो वा आणखी कोणता.